तांब्याचे दिनार कुणी ओतले

आमच्या छावणीत विचाराल तर कुणी सांगेल, तांब्याचे दिनार नदीपलीकडच्या क्वादी लोकांनी ओतले. कुणी खालच्या गावच्या चोरांचं नाव घेईल. म्हातारे शिपाई मात्र मिशा पुसत सांगतील की ते रेसात ओतारीने हावेपायी ओतले आणि चारचौघांत कबूलही केले. रेसात माझा भाऊ. म्हाताऱ्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, म्हणून ते मला जास्त झोंबतं. ओतले त्यानेच. हावेपायी नाही ओतले.

माझं नाव आदनामा. छावणीच्या दक्षिण दरवाजाबाहेर माझं जवाच्या दारूचं दुकान आहे. शेजारची बंद खोली रेसातची भट्टी होती. पट्ट्याची बक्कलं, घोड्याच्या साजाच्या कड्या, बायकांच्या खांद्यावरच्या पिना, पितळेचं काहीही तो ओतायचा. लिहितावाचता त्याला येत नव्हतं, पण तोंड असं की गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि हसत जायचं. माझा नवरा लिक्काय तुकडीचा निशाणदार. खांद्यावर अस्वलाचं कातडं घालून तो निशाणाची काठी धरायचा, आणि शिपायांची शिल्लक ज्या तळघरात असते, त्याची किल्लीही त्याच्याच कमरेला असायची. तळघर निशाणांच्या देवळाखाली आहे, कारण देवांच्या पायाखाली हात घालायला चोरही कचरतो. रेसात त्याला दाजी म्हणायचा आणि येताजाता त्याच्या अस्वलाची चौकशी करायचा. "दाजी, तुमचं जनावर जेवलं का?"

त्या हिवाळ्यात डॅन्यूब या काठापासून त्या काठापर्यंत गोठली. बर्फावरून क्वादी कधीही चालत येतील, म्हणून शिपाई दिवसरात्र तटावर, आणि पगाराची चांदी काही येईना. आज येईल, उद्या येईल करता करता शिपायांनी एका शतपतीला घोड्यांच्या पागेत गाठून बदडलं. अंधार होता, कुणी मारलं ते कळलं नाही, असं सगळे म्हणाले. तेव्हा छावणीच्या सरदाराला, फुल्विनुसला, घाम फुटला. पलीकडचा शत्रू परवडला, पण बिनपगारी पाचशे माणसं कुणाला परवडणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी लिक्काय भट्टीवर आला. मी रेसातला पेज द्यायला तिथेच होते.

"रेसात, काम आहे."

"तुमचं काम म्हणजे फुकटचं काम, दाजी. बोला."

"दिनार ओतायचेत. तांब्याचे."

रेसातच्या हातातला चमचा थांबला. "दाजी, भर दुपारी चढवलीत का? का ताईच्या दुकानातली ताजी उतरली नाही अजून?"

"थट्टा नको. साहेबांनी मला देवळात नेलं. काठीवर हात ठेवून शब्द दिला. चांदी येईपर्यंत तांब्याचा दिनार छावणीत आणि आपल्या वस्तीत चांदीचा म्हणून चालेल. चांदी आली की तांबं परत घ्यायचं, वितळवायचं, विषय संपला. हुकूम त्यांचा. तू फक्त हात चालवायचा."

"काठीवर हात ठेवून?"

"माझ्यासमोर. माझ्याच निशाणाची काठी."

"मग झालंच की," रेसात म्हणाला आणि पुन्हा पेज खाऊ लागला.

तुम्ही म्हणाल, लिहिलेली एक ओळ तरी मागायची होती. आमच्याकडे तसं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. लिहून घ्यायचं ते व्यापाऱ्याकडून. निशाणासमोर बोललेला शब्द लिहून मागणं म्हणजे देवाच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं. लढाईत माणसं त्या काठीमागे मरायला जातात, कुणी पावती मागत नाही. माझ्याही मनात ते आलं नाही आणि आजही मी त्याबद्दल आम्हा तिघांना मूर्ख म्हणणार नाही. मूर्ख कोण आणि हरामखोर कोण, यात फरक असतो.

लिक्कायने आपल्या कनवटीचे काही जुने चांदीचे दिनार काढून दिले. रेसातने ओल्या मातीच्या चपट्या चकत्या केल्या, दोन चकत्यांमध्ये नाणं दाबलं, एकीवर तोंड उठलं, दुसरीवर पाठ. चकत्या भाजल्या, एकावर एक रचल्या, बाहेरून माती थापली आणि बाजूच्या पन्हाळीतून तांबं ओतलं. फोडल्यावर आतून एकदम मूठभर दिनार निघायचे. घाई इतकी की चकत्यांच्या जोड्या जुळवायला वेळ नव्हता. त्यामुळे तोंड सम्राटाचं आणि पाठीवर मुलं कडेवर घेतलेली देवी, म्हणजे जी सम्राज्ञीच्या नाण्यावर असते ती. दुकानात शिपायांना विषयच मिळाला.

"सम्राट बाळंतीण होणार रे!"

"म्हणूनच पगार थांबलाय. बारशाचा खर्च!"

हे मी मुद्दाम सांगतेय. नाणं तांब्याचं आहे, छावणीतलं आहे, लिक्कायने तळघराच्या पायरीवर उभं राहून प्रत्येकाच्या ओंजळीत घातलेलं आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. चांदीचा मुलामासुद्धा नव्हता. आंधळ्याने चाचपलं असतं तरी कळलं असतं. मी ते दारूला घेतले, खाटकाने डुकराच्या मांसाला घेतले, जवाच्या व्यापाऱ्याने जवाला. वस्तीचं पोट भरलं, पागेतली मारामारी थांबली. बर्फ फुटेपर्यंत आमच्याइतकी गुण्यागोविंदाने राहणारी छावणी अख्ख्या नदीवर नसेल.

मग एक शहाणा शिपाई रजेवर आईला भेटायला निघाला आणि वरच्या शहराच्या जकात नाक्यावर त्याने बाळंतीण सम्राट पुढे केला. जकातवाल्याने नाणं दगडावर आपटलं. आवाज ऐकून त्याने शिपायाला बसवून ठेवलं आणि थेट सुभेदाराला कळवलं.

वसंतात सुभेदाराचा चौकशी अधिकारी आला, आणि त्याच्यासोबत पहाऱ्यात चांदीची पेटी आली. दोन्ही एकाच गाडीत. चांदी आली म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळच्या आत रेसातला भट्टीवरून धरून नेलं. चकत्या, कोळसा, तांबं, सगळं उचललं. खोटी नाणी पाडणारा नागरिक नसेल तर त्याला शहराच्या आखाड्यात जनावरांपुढे टाकतात. रेसात नागरिक नव्हता. लिक्काय शिपाई म्हणून होता, मी त्याची बायको म्हणून निम्मीशिम्मी, पण रेसात आमच्या बापासारखाच नुसता इथल्या मातीचा माणूस.

मी घाबरले नाही. पाचशे माणसांच्या हातात तो दिनार पडलेला, पाचशे माणसं सांगतील. एकाने सांगितलं तरी पुरे होतं.

फुल्विनुसने दुसऱ्या सकाळी तुकडी मैदानात उभी केली आणि छोटंसं भाषण केलं. मला ते लिक्कायने सांगितलं. साहेब म्हणाले, हिवाळ्यात पगार वाटलाच गेला नाही, असं मी वर कळवलं आहे. वस्तीतल्या कुणीतरी खोटी नाणी पसरवली, तुम्ही भोळेपणाने घेतलीत, तुमचा दोष नाही. आता चांदी आलीय, सगळा पगार चांदीत मिळेल. मात्र कुणाचं म्हणणं असेल की मला हिवाळ्यात तळघरातून तांबं मिळालं, तर त्याचा पगार झालेला आहे. त्याने तसं शपथेवर सांगावं.

बस, एवढंच. धमकी नाही, फटका नाही. त्याला काठीची गरजच पडली नाही.

मी तरीही दारोदार फिरले. एकेकाला धरून विचारलं. ज्याच्या सुजलेल्या पायांना मी थंडीत चरबी चोळली होती, तो म्हणाला, "आदनामाबाई, माझी नोकरीची पंचवीस वर्षं यंदा भरतात. जमीन घ्यायचीय."

"आणि रेसात?"

"रेसात चांगला माणूस होता."

"होता? अरे मेल्या, अजून जिवंत आहे तो!"

त्याने मान खाली घातली आणि बुटाची नाडी बांधत बसला. दुसरा म्हणाला, बाई, सगळे बोलले तर मी बोलेन. सगळ्यांनी हेच सांगितलं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. आणि फास आवळायला सगळं गाव आनंदाने दोरी धरतं, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला आपला पगार बांधलेला असतो.

राहिला माझा नवरा. घरी लिक्काय बाजरीच्या पेजेकडे बघत बसला होता. खात नव्हता.

"तू बोलणार आहेस ना?" मी म्हटलं.

"बोललो तर हुकूम मी पोचवला असं होईल. साहेब नाही म्हणतील. मग तांबं वाटणारा मी. खोटी नाणी तळघरात शिरवणारा मी. मला काय होईल, माहीत आहे तुला?"

"आणि नाही बोललास तर त्याला काय होईल, ते माहीत आहे तुला?"

"मी आयुष्यभर त्या काठीची शपथ पाळली, आदे."

"मग तीच काठी धरून खोटं बोलणार आहेस का? बोल. खुशाल बोल. आणि मग घरी ये नि माझ्या हातची पेज खा. बघू कशी घशाखाली उतरते."

एकीकडे भाऊ, दुसरीकडे हा. मी त्याला शिव्या घालत होते आणि तो उठून जाईल या भीतीने दारही अडवून उभी होते.

चौकशी मैदानात झाली. निशाणं रोवली होती. चौकशी अधिकारी फाटक्या अंगाचा, सर्दी झालेला माणूस होता, सारखा नाक पुसायचा. त्याला शहरात परतायची घाई होती हे लांबूनही दिसत होतं. वस्तीतले आम्ही दोरीच्या बाहेर. रेसात मध्ये, हात बांधलेले, एक डोळा सुजलेला.

एकेक जण येऊन काठीवर हात ठेवत होता. तळघरातून तांबं मिळालं का? नाही. मिळालं का? नाही. काहींना तर विचारायच्या आधीच नाही म्हणायची घाई झाली होती. फुल्विनुस आकाशाकडे बघत उभा होता, जसा काही पावसाचा अंदाज घेतोय.

शेवटी लिक्काय आला. त्याने स्वतःच्याच निशाणावर हात ठेवला.

"मिळालं," तो म्हणाला. "मीच वाटलं. हुकूम साहेबांचा. याच काठीवर हात ठेवून साहेबांनी मला दिला, मी याला पोचवला. याने फक्त ओतलं."

मैदानात कुणी हललं नाही. चौकशी अधिकाऱ्याने नाक पुसायचं थांबवलं. फुल्विनुसने पहिल्यांदा खाली पाहिलं. माझ्या नवऱ्याचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता आणि इतकी भीतीही नाही.

"साहेब काय म्हणतात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"निशाणदार मेहुण्याला वाचवायला बघतोय," फुल्विनुस शांतपणे म्हणाला. "किंवा दोघे भागीदार आहेत. किल्ली याच्याचकडे असते. दोघांनाही न्या."

आणि तेव्हा रेसात हसला. मोठ्याने, दुकानात हसायचा तसा.

"भागीदार? हा? अहो, या माणसाला घरात बायको बोलू देत नाही, तो काय नाणी पाडणार! सरकार, हा नुसता बैल आहे. बायकोने रडून रडून धाडलाय याला. नाणी मी ओतली. माझ्या डोक्याने. सोनं साठवून पलीकडे पळून जाणार होतो. याला काही माहीत नाही. हा बघा, याला खोटं बोलतानासुद्धा घाम फुटलाय."

"खोटं बोलतोय तो!" मी दोरीखालून आत घुसले. "सरकार, हुकूम सरदाराचा होता! मी तिथे होते, माझ्यासमोर ठरलं! या पाचशे जणांना विचारा, यांच्या कमरेला अजून ते दिनार आहेत!"

पहारेकऱ्याने मला दंडाला धरलं. रेसातने माझ्याकडे पाहिलं. मग तो अधिकाऱ्याला म्हणाला, "ही माझी बहीण. दारू विकते. सकाळपासून स्वतःच गिऱ्हाईक झालीय."

शिपाई हसले. मेले खरंच हसले. त्यांना हसायला इतकं बरं वाटलं की रांगा हलल्या. अधिकारीही थोडा हसला, आणि मला कळलं की संपलं. त्याला कबुली हवी होती, ती मिळाली. तिच्यासाठी कुणा सरदाराशी वैर घ्यावं लागत नव्हतं. एरवी हाडं मोडून घ्यावी लागते ती कबुली याला फुकटात, हसतखेळत मिळाली होती.

लिक्काय परत परत सांगत होता, "मी खरं बोलतोय, मी खरं बोलतोय." त्याच्या अंगावरचं अस्वलाचं कातडं काढून घेतलं, काठी दुसऱ्याच्या हातात दिली. मूर्खपणाबद्दल शिक्षा म्हणून त्याला संडासांच्या साफसफाईवर लावलं.

गाडी निघाली तेव्हा पहारेकऱ्याने मला घोटभर वेळ दिला. माझ्याच दुकानात फुकट प्यायचा तो.

"का रे?" मी म्हटलं. मला दुसरं काही सुचेना.

"ताई, मला नेणारच होते. दाजी बोलले नसते तरी नेणार होते. दोघांना कशाला? गाडीत जागा कुठाय?" सुजलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. मी पदराच्या टोकाने पुसलं. "आणि दाजींना टोचून बोलू नकोस. बोलले ते. मला वाटलं नव्हतं बोलतील."

"तू मला दारुडी म्हणालास."

"मग काय करू? तू थांबली असतीस का?"

गाडी हलली. मी चाकाबरोबर थोडं चालले, मग पहारेकऱ्याने हात आडवा केला.

लिक्काय शहरात आखाड्यावर गेला होता, शेवटच्या दिवशी. मी गेले नाही. तो परत आला आणि अंथरुणाला टेकून दिवसभर भिंतीकडे बघत बसला. काय पाहिलं ते त्याने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो अजून माझ्या शेजारीच झोपतो. मी त्याला टोचून बोलत नाही.

शिपायांना चांदी मिळाली. ज्याची पंचवीस वर्षं भरत होती, त्याने जमीन घेतली. चांदी मिळाली त्याच संध्याकाळी सगळे माझ्या दुकानात आले आणि मी त्यांना दारू दिली. तुम्ही म्हणाल, का दिली? दुकान आहे, पोट आहे, नवरा संडास धुतो. त्यांच्या मगांत थुंकले मात्र. देवाची शपथ, एकही मग सोडला नाही.

माझ्याकडच्या तांब्याच्या नाण्यांना कुणी विचारलं नाही. अर्धी मी नदीत फेकली. वस्तीत अजूनही पाऊस पडला की चिखलातून बाळंतीण सम्राट वर येतो, आणि लोक एकमेकांना विचारतात, हा कुठून आला? ज्यांनी तो स्वतः ओंजळीत घेतला, तेही विचारतात. गंमत म्हणजे ते खोटं विचारत नाहीत. त्यांचं खरंच विसरून झालंय.

यंदाच्या हिवाळ्यात पुन्हा चांदी आली नाही. फुल्विनुस बढती मिळून केव्हाच गेला, नवा सरदार आहे. गेल्या आठवड्यात एका कोवळ्या शिपायाने माझ्यापुढे दिनार ठेवला. तांब्याचा. कडा ओबडधोबड, नाकडोळे पुसट. रेसातचा हात नव्हता तो.

"हे कुणी केलं?"

"कोणास ठाऊक. आत चालतं, काकू. घ्या ना."

मी दुकान लिक्कायवर टाकलं आणि वस्तीत विचारत निघाले. फार विचारावं लागलं नाही. धूर कुठून येतो ते दिसतंच. खालच्या आळीत मोगेत नावाचा नवा ओतारी आलाय, तिशीचा, केसाळ हातांचा, चांगला माणूस. त्याने मला बसायला ओंडका दिला. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पेटी, मैदान, शपथा, गाडी. तो चकत्या रचता रचता लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये एकदा त्याने हात थांबवले, तेव्हा मला वाटलं, समजलं याला.

"बाई, राग मानू नका," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या भावाचं दुःख मला समजतं. पण त्याने स्वतःच सांगितलं ना, सगळ्यांसमोर? हावेपायी ओतले, पळून जाणार होतो म्हणून? मी इथे आल्या आल्या ऐकलंय ते."

"तो खोटं बोलला."

"मरायच्या दारात कोण खोटं बोलतं, बाई? आणि मी स्वतःसाठी एक नाणंही ठेवत नाही. मोजून देतो सगळी. मला कशाला कोण धरेल?"

मी खूप बोलले. त्याने पन्हाळीत तांबं ओतलं तरी मी बोलतच होते. त्याची बायको आतून आली, पोटुशी, आणि म्हणाली, "अहो, त्या बाईंना काहीतरी खायला द्या, त्या रडतायत."